वेशीबाहेर : जालना ते पैठण, पाच दिवस

बुधवार, 27 मार्च 2024

आजी जानेवारीत गेली. नव्वदी कधीच ओलांडली होती, शेवटचे दोन महिने अंथरुणाला खिळली होती, त्यामुळे रडारड फार झाली नाही. जाण्याआधी तिने आईला दोन गोष्टी बजावल्या. कबरीवर फरशी घालू नका, माती उघडी राहू द्या. आणि उशाशी क्रूस दगडाचा करा, लाकडाचा वाळवी खाते. आजोबांच्या कबरीवरचा लाकडी क्रूस तिसऱ्या पावसाळ्यातच कोसळला होता, ते ती विसरली नव्हती.

ईस्टरला उजाडायच्या आत आमच्याकडे सगळे दफनभूमीत जातात. कबरी झाडून ठेवलेल्या असतात, काहींना चुना मारलेला असतो, आणि अंधारात मेणबत्त्यांची रांग लागते. तोवर आजीचा क्रूस उभा राहायला हवा होता. शाळेत रजा टाकली, पुण्यात वाकडेवाडीला एसटी धरली आणि संध्याकाळी संभाजीनगरला उतरले. रस्त्यावर धुळवडीचा रंग अजून दिसत होता.

मामा छावणीत राहतो. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला, आता मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपदेशाला उभा राहतो. जेवताना त्याने कॅलेंडर पुढे सरकवलं. "रविवार बघ. ईस्टर आणि नाथषष्ठी एकाच दिवशी."

ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते. 21 मार्चपासून पुढे जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार. यंदा ती पौर्णिमा म्हणजे आपली होळीचीच. फाल्गुन वद्य षष्ठीही तिथूनच मोजायची. 1599 साली याच तिथीला एकनाथांनी पैठणला गोदावरीत देह ठेवला. "कबरीवरून थेट पैठणला जाऊ," मामा म्हणाला. लहानपणी त्याच्या वडिलांनी त्याला षष्ठीच्या यात्रेला खांद्यावर बसवून नेलं होतं. ख्रिस्ती झालो म्हणून नाथ परके झाले, असं आमच्या घरात कुणी कधी मानलं नाही.

गुरुवार, 28 मार्च

जालन्याला दहा वाजता पोचलो तेव्हाच ऊन डोक्यात शिरत होतं. दगडकाम करणाऱ्याचं दुकान एका गल्लीत आहे. दारात नावाच्या पाट्या, तुळशीवृंदावनं, पिंडी, कबरीचे दगड, सगळं एका रांगेत उन्हात तापत पडलेलं.

मापं मी मोबाइलवर पाठवली होती. उंची अडीच फूट, रुंदी दीड. कारागिराने काळ्या दगडाच्या दोन पट्ट्या खाच पाडून एकमेकींत बसवल्या होत्या, घोटाई सुरेख होती. फक्त आडवी पट्टी बरोबर मधोमध होती. दवाखान्याच्या गाडीवर असतं तसं अधिकचं चिन्ह झालं होतं.

"ताई, तुम्ही दिल्लं त्याच मापाचं हाये."

"माप बरोबर आहे दादा. आडवी वर हवी होती."

"वर म्हंजे कुठशीक? आन् काहून?"

मी इतिहास शिकवते. वर्गात हा प्रश्न आला असता तर फळ्यावर चित्र काढलं असतं. इथे दगडावर बोटाने काढलं. रोमन लोकांची शिक्षा होती ही, म्हटलं. मारायची जागा शहराबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. उभा खांब बहुधा तिथे रोवलेलाच असे, आणि शिक्षा झालेल्याने आडवं लाकूड स्वतःच्या खांद्यावर वाहून न्यायचं. तिथे त्याचे हात त्या लाकडाला ठोकायचे आणि उभ्यावर चढवायचं. डोक्याच्या वर थोडा खांब उरतो, कारण तिथे पाटी लावायची असते. याचा गुन्हा काय, ते लिहिलेली. येशूच्या पाटीवर 'यहूद्यांचा राजा' असं इब्री म्हणजे हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत लिहिलं होतं.

पाटी म्हटल्यावर त्याला सगळं एकदम कळलं. आयुष्यभर पाट्याच कोरत आला होता. पेन्सिलीने त्याने वरच्या बाजूला रेघ मारली. "मंग उभा नवा घ्यावा लागंल. आडवा ह्योच चालंल." उभ्याचे आठशे वरचे ठरले. उद्या त्याच्याकडे काम बंद, परवा सकाळी देतो म्हणाला.

मग त्याने विचारलं, "म्हंजे ह्यो फाशीचा खांबच झाला की. लोक गळ्यात कशाला घालू राह्यले?"

मला लगेच उत्तर आलं नाही. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, 'वधस्तंभ' हा शब्द आहे. बोलताना आम्ही बहुतेक क्रूस म्हणतो, तो शब्द पोर्तुगिजांकडून आला. क्रूस कानाला मऊ लागतो. वधस्तंभ म्हटलं की वध ऐकू येतोच, आणि मूळ ग्रीक शब्दाला तो जवळचाही आहे. 'स्टाउरोस' म्हणजे आधी नुसता उभा रोवलेला खांब. ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना होई. रोमच्या नागरिकाला सहसा नाही. स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर, ख्रिस्तापूर्वी 71 साली, कापुआ ते रोम रस्त्याच्या कडेने सहा हजार माणसं अशी टांगली होती. या मरणात वेदना तर होत्याच, पण लाज जास्त होती. उघडं करून, रस्त्यावर, दिवसभर.

म्हणून पहिल्या तीनेकशे वर्षांत ख्रिस्ती लोकांनी क्रूस फारसा चितारलेला दिसत नाही. मासा काढला, जहाजाचा नांगर काढला, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ काढला. त्यांनी ते मरण डोळ्यांनी पाहिलेलं होतं. वधस्तंभावरच्या ख्रिस्ताच्या अगदी जुन्या चित्रांपैकी एक तर शत्रूने काढलेलं आहे. रोमच्या पॅलाटिन टेकडीवर भिंतीवर ओरखडलेलं, 1857 साली सापडलं. वधस्तंभावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, खाली हात वर केलेला एक जण, आणि शेजारी लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने ही शिक्षा बंद केली. ती पाहिलेली माणसं मरून गेल्यावर क्रूस सोन्याचा झाला, रत्नांचा झाला. हे सगळं चांगलंच झालं असं मी म्हणणार नाही. 1099 मध्ये जेरुसलेममध्ये कत्तल करणाऱ्यांच्या कपड्यांवरही क्रूस शिवलेला होता.

यातलं कारागिराला मी थोडंच सांगितलं. त्याऐवजी आजीचं सांगितलं. ती तिशीपर्यंत निरक्षर होती, शास्त्रावरूनच वाचायला शिकली. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात एक शब्द आहे, त्याच्याखाली तिने पेन्सिलीने इतक्यांदा रेघ ओढली की कागद फाटायला आला. येशूने 'वेशीबाहेर' मरण सोसलं, असं तिथे म्हटलंय. आजीचा जन्म मांगवाड्यातला. वेस म्हणजे काय हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ती म्हणायची, देवळातला देव मला लांबून पाहावा लागला, हा आमच्या आळीत येऊन मेला.

कारागीर छिन्नी पुसत थोडा वेळ गप्प राहिला. "आमचा आजाबी गावाभाईरच राहायचा," म्हणाला. "दगडं फोडायला."

संध्याकाळी चर्चमध्ये प्रभुभोजन झालं, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचं. मामा थकला होता, आम्ही लवकर झोपलो.

शुक्रवार, 29 मार्च

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. बारा ते तीन उपासना, त्यात येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार आणि त्यावर सात जण बोलणार. पहिला उद्गार मामाकडे होता. सकाळी पाळकसाहेबांचा, आमच्या धर्मगुरूंचा, निरोप आला की पाचव्यावर बोलणाऱ्या बाई आजारी पडल्या, तुम्ही बोलाल का? पाचवा म्हणजे 'मला तहान लागली आहे'. मी हो म्हटलं आणि लगेच धास्तावले.

वेदीवर फुलं नव्हती. पंखे गरम हवाच फिरवत होते. बहुतेकांचा उपास, काही म्हाताऱ्या बायांनी पाणीही सोडलेलं.

मामा उभा राहिला. "हे बापा, ह्यांना क्षमा कर." मला वाटलं, आजीच्या वेशीवर बोलेल. बोलला, पण मला अपेक्षित होतं तसं नाही.

"आपण नेहमी म्हणतो, ख्रिस्त वेशीबाहेर आपल्यासाठी आला," तो म्हणाला. "खरं आहे. पण क्षमा त्याने कुणासाठी मागितली? वेशीबाहेर काढणाऱ्यांसाठी. शिपाई पगारी होते. रोमन सुभेदार पिलात हात धुवून मोकळा झाला. धर्मपुढाऱ्यांना आपलं राष्ट्र वाचवायचं होतं. आता मी आत आहे की बाहेर? दोन पिढ्या शिकलो, पेन्शन आहे, दाराला गेट आहे. गेल्या साली ऊसतोडीला निघालेल्या एका बाईचं पोर गेटशी पाणी मागायला आलं. मी घरात माठ असताना त्याला कोपऱ्यावरच्या नळाकडे बोट दाखवलं. त्या दिवशी वेस माझी होती. ख्रिस्त कोणत्या बाजूला उभा होता?"

पुढे फार बोलला नाही. बसला तेव्हा हात थरथरत होते. हे त्याने मामीलाही सांगितलेलं नव्हतं.

मी लिहून आणलेला कागद आता उपयोगाचा राहिला नव्हता. दुसरा, तिसरा, चौथा उद्गार माझ्या कानांवरून गेला. चौथ्याचं एकच वाक्य लक्षात राहिलं. 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' ही बायबलातल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, म्हणजे त्या घडीलाही त्याला टाकलेल्यांचीच जुनी प्रार्थना आठवली, असं एक तरुण मुलगा म्हणाला.

माझी पाळी आली. मराठवाड्यात यंदा तहानेवर बोलायला काही शोधावं लागत नाही. गेल्या साली पाऊस रुसला, मार्च सरायच्या आत गावोगाव टँकर सुरू झाले. पण मी विहिरीपासून सुरुवात केली. शोमरोनी बाईची गोष्ट आम्हाला लहानपणापासून पाठ असते. येशू विहिरीवर बसला आणि तिला म्हणाला, मला प्यायला दे. ती चकित झाली, कारण यहूदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, त्यांच्या भांड्याला तोंड लावणं तर दूरच. आजी सांगायची, गावच्या विहिरीवर आम्ही खाली बसायचो, वरून कुणी ओंजळीत पाणी ओतायचं. मन असलं तर. 1927 साली महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं, तोवर किती पिढ्या अशाच वर बघत बसल्या. देव पाणी देतो हे सगळेच धर्म सांगतात. शुभवर्तमानातला, म्हणजे येशूच्या चरित्रातला, देव पाणी मागतो. विहिरीवर मागतो तेव्हा ती बाई निदान बोलते तरी. वधस्तंभावर मागतो तेव्हा त्याला आंब, म्हणजे आंबट दारू, मिळते, स्पंजात भिजवून, काठीवर. ओंजळ धरायला हातही मोकळे नाहीत.

इथे माझा आवाज गेला. मामाच्या गेटवरचं ते पोर डोळ्यांपुढून हलेना. मी एवढंच म्हटलं की वधस्तंभावर आपल्या पापांची क्षमा झाली यावर माझा विश्वास आहे, आणि त्या पापांत पाणी नाकारलेलं हे पापही आहे. मग बसले.

तीन वाजता बाहेर पडलो. फाटकाशी मंडळीतल्या तरुणांनी पाण्याचे जार मांडले होते, रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही पाणी देत होते. ते काही आमच्या बोलण्यामुळे नव्हतं, दरवर्षीच करतात.

शनिवार, 30 मार्च

सकाळी क्रूस ताब्यात घेतला. आडवी पट्टी आता वर, पाटीला जागा सोडून. खाली आजीचं नाव, दोन तारखा आणि 'इब्री 13:12'. कारागिराला ते वेळेसारखं वाटलं होतं. "दुपारी सव्वा वाजता गेल्या का?" त्याने हळूच विचारलं. अध्याय आणि वचन आहे म्हटल्यावर त्याने आकडा पुन्हा एकदा निरखून पाहिला. आठशे रुपये त्याने घेतले नाहीत. "अगोदर उभा राहू द्या. दगड बसला का नाही, ते कळल्याबिगर मी पैसे घेत न्हाई."

जीपमध्ये गोणपाटावर क्रूस निजवला आणि निघालो. वाटेत मामाने जीप बेथेलकडे वळवायला लावली.

बेथेल म्हणजे इब्री भाषेत देवाचं घर. जालन्याजवळची ही वस्ती नारायण शेषाद्रींनी वसवली. त्यांची गोष्ट आमच्या घरात पुराणासारखी सांगितली जाते. ब्राह्मण घरातला हा मुलगा 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन, त्याला कोर्टाने आईवडिलांकडे परत पाठवलं, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यायचं की नाही यावर मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणणाऱ्यांच्या बाजूला होते. श्रीपतला वेशीच्या आत येता येईना म्हणून शास्त्री भांडत होते, आणि थोरला नारायण पुढे स्वतःच बाहेर येऊन राहिला. निजामाच्या राज्यात, सालारजंग दिवाण असताना, जमीन मिळवून त्यांनी मांग-महारांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी गाव उभारलं. 1873 साली न्यूयॉर्कला ख्रिस्ती परिषदेत जाऊन ते बोलून आले. 1891 साली वारले.

कडुनिंबाखाली बसून आम्ही डबा उघडला. मामा म्हणाला, "वेस नसलेलं गाव करायचं होतं त्यांना." मग थोडं थांबून, "कागदावर वेस अजून आहेच." 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला, 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती झालेला मांग मात्र कागदावर मांग राहत नाही. त्याच्या सोयऱ्यांशी गाव अजून कसं वागतं, हे कागद विचारत नाही. माझ्या दोन भावांची शिक्षणं यात अडकली. हे मला अन्याय वाटतं आणि तो बोलून दाखवायला मी कचरत नाही.

अंबडच्या रस्त्याला मोसंबीच्या बागा वाळलेल्या. एका ठिकाणी माणूस टँकरच्या पाण्याने एकेक झाड भिजवत होता.

गावात रंगपंचमी. दफनभूमी ओढ्यापलीकडे, अर्थात वेशीबाहेरच. चुलतभावाने खड्डा खणून ठेवला होता. सिमेंट कालवलं, चौघांनी क्रूस उभा धरला, मामाने ओळंबा लावला. चुलतभावाच्या बायकोचं माहेर वैजापूरकडचं, कॅथलिक. तिने विचारलं, "ताई, यावर येशूची मूर्ती नाही का?" आमच्यात क्रूस रिकामा असतो, तो उठला म्हणून, त्यांच्यात मूर्तीसकट, तो मेला हे विसरू नये म्हणून. दोन्हींपुढे मी रडलेली आहे, त्यामुळे यावर वाद घालायला माझं मन घेत नाही.

सिमेंट ओलं असतानाच गल्लीतली रंगाने माखलेली पोरं धावत आली. एकाने क्रूसाच्या पायाशी पंजा दाबला. गुलाबी पंजा तसाच उमटला. चुलतभाऊ थापी घेऊन पुसायला वाकला, मी त्याला थांबवलं.

रविवार, 31 मार्च

पहाटे साडेचारला ओढा ओलांडला. ओढ्यात पाणी नव्हतंच. चाळीसेक माणसं, मेणबत्त्या, अगरबत्त्या, मोगरा. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे." सगळे म्हणाले, "खरोखर उठला आहे." आई आजीच्या कबरीपाशी मातीत बसली आणि मातीवर तळवे टेकवून राहिली. फरशी का नको होती, ते मला तेव्हा कळलं.

उन्हं वर आल्यावर मी आणि मामा निघालो. पाचोडच्या पुढे दिंड्या भेटू लागल्या. भगव्या पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, टाळ. काहींचे पाय फोडांनी भरलेले. जीप हळू चालवावी लागली आणि मला ते आवडलं.

पैठणला गर्दी इतकी की समाधीपर्यंत जायचा विचारही केला नाही. जायकवाडीचं पाणी खाली गेलेलं, नदीकाठी वाळू चटके देत होती. याच वाळवंटात भर दुपारी आईमागे पळताना भाजलेलं महाराचं लेकरू नाथांनी कडेवर उचललं, असं सांगतात. घाटाच्या पायरीवर एक कीर्तनकार दुसरी गोष्ट सांगत होते. काशीहून रामेश्वरासाठी कावडीने आणलेली गंगा नाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, आणि म्हणाले, रामेश्वराला पोचली. लोकांनी टाळ वाजवले. माझ्या डोळ्यांपुढे रोमच्या भिंतीवरचं ते गाढवाचं तोंड आलं. ज्याने ते कुचेष्टेने ओरखडलं, त्याला काय ठाऊक.

नाथांना ख्रिस्ती ठरवायची मला गरज नाही. त्यांचा विठ्ठल त्यांचा, माझा तारणारा माझा. पण वेशीच्या आत जन्मलेला माणूस बाहेर येऊन वाळूतलं लेकरू उचलतो, तेव्हा माझं डोकं आपोआप झुकतं. मामा पायरीवर टोपी काढून बसला होता. दिंडीतली एक म्हातारी शेजारी टेकली, तिने पिशवीतली बाटली काढली, आधी मामापुढे धरली. "प्या बाप्पा, लई ऊन हाये." मामाने बाटली दोन्ही हातांनी घेतली, वरून न ओतता तोंड लावून प्यायला, आणि परत दिली. तीही तशीच प्यायली.

परतीला जीपमध्ये बसताना फोन वाजला. जालन्याचा कारागीर.

"ताई, उभा राह्यला का?"

"उभा राहिला, दादा."

"हालत तर न्हाई ना?"

मामाला विचारून सांगितलं, नाही हलत. मग त्याने आठशे रुपये पाठवायला नंबर दिला.